‘अंधाधुन’मधली मंडळी आधी काय करत होती?

प्रश्न आला तो असा: “परवा ‘अंधाधुन’ पुन्हा पाहिला. आयुष्मान खुराना, तब्बू, राधिका आपटे आणि अनिल धवन ही माणसं इतक्या वेगवेगळ्या वाटांनी आलेली, तरी एका पंगतीत बसतात. यांची आधीची कारकीर्द काय होती? थ्रिलरसाठी नट निवडताना ही पार्श्वभूमी खरंच बघतात, की ज्याच्या तारखा मिळतील त्याला घेतात? आणि नट ओळखीचा असला की गुन्हेगार आधीच कळतो, त्याचं काय करता?”

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं, मी सगळं फोडणार आहे. आणि आधीच सांगतो, या चित्रपटाच्या कास्टिंगशी माझा काडीचाही संबंध नव्हता. मी बावीस वर्षं ऑडिशन घेतोय, याद्या करतोय, दिग्दर्शकांशी वाद घालतोय. त्या नजरेतून लिहितो.

तारखा बघतातच. तारखांपुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही. पण थ्रिलरमध्ये नटाचं मागचं काम पटकथेतच येऊन बसतं, तसं बाकीच्या प्रकारांत क्वचित होतं. थ्रिलर बघणारा माणूस पहिल्या मिनिटापासून एकाच उद्योगात असतो: यातल्या कोणावर विश्वास ठेवायचा? पटकथा त्याच्या हातात नसते, त्यामुळे तो चेहऱ्यावरून ठरवतो. आणि त्या चेहऱ्यामागे नटाच्या वीस वर्षांच्या भूमिका, गाणी, जाहिराती, मुलाखती उभ्या असतात. चांगला दिग्दर्शक हा फुकटचा माल वापरतो. श्रीराम राघवन यांनी तो इथे अगदी सावकाराच्या हिशेबानं वापरलाय.

आयुष्मानपासून सुरू करू. चंडीगडचा मुलगा, कॉलेजात नाटकं आणि पथनाट्यं केलेली. मित्रांबरोबर रेल्वेच्या डब्यात गाणी म्हणून प्रवाशांकडून पैसे गोळा केल्याची आठवण तो स्वतः सांगत आलाय. 2004 मध्ये ‘रोडीज’चं दुसरं पर्व जिंकला. मग दिल्लीत रेडिओ जॉकी, मग एमटीव्हीवर व्हीजे, रिअॅलिटी शोचं सूत्रसंचालन. 2012 मध्ये ‘विकी डोनर’ आला. त्यात तो नायक होता आणि ‘पानी दा रंग’ त्यानंच गायलं होतं, दोन्हींसाठी फिल्मफेअर मिळालं. त्यानंतर मधली दोन-तीन वर्षं पडझडीची, आणि मग ‘दम लगा के हईशा’, ‘बरेली की बर्फी’, ‘शुभ मंगल सावधान’. या सगळ्यांतून एक प्रतिमा घट्ट झाली: शेजारच्या घरातला, थोडा गोंधळलेला, मनानं चांगला मुलगा. ‘अंधाधुन’ 5 ऑक्टोबर 2018 ला लागला आणि दोनच आठवड्यांनी ‘बधाई हो’ लागला, त्यातही तो हाच मुलगा होता.

आता ‘अंधाधुन’मधला आकाश बघा. हा माणूस पहिल्या फ्रेमपासून खोटारडा आहे. डोळे शाबूत असताना आंधळा असल्याचं सोंग करतो, त्यावर कामं मिळवतो, मुलीची सहानुभूती मिळवतो. दुसऱ्या एखाद्या नटानं हे केलं असतं तर दहाव्या मिनिटाला आपण त्याच्यावर फुली मारली असती. इथे आपण म्हणतो, अरे कलाकार आहे, प्रयोग करतोय बिचारा. ही माफी आकाशला मिळत नाही, आयुष्मानच्या खात्यातून खर्च होते. आणि शेवटी, युरोपात, तो काठीनं रस्त्यावरचा डबा उडवतो तेव्हा आपल्याला कळतं की आपण पूर्ण सिनेमाभर उधारीवर विश्वास ठेवला होता.

रेडिओवाल्यांबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण ते माझ्याकडे ऑडिशनला खूप येतात. त्यांचा आवाज तयार असतो, शब्द कुठे दाबायचा ते कळतं, पहिल्याच वाचनात वाक्य कानाला गोड लागतं. गोची एकच. त्यांना शांतता सहन होत नाही. रेडिओवर दोन सेकंद काही वाजलं नाही तर बोंबाबोंब होते, त्यामुळे जागा दिसली की भरायची ही सवय रक्तात भिनते. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत यांच्या चेहऱ्यावर पुढचं वाक्य येऊन बसलेलं असतं. कॅमेरा ते टिपतो. थ्रिलरमध्ये अशा माणसाला घ्यायचं तर त्याची जीभ काढून घ्यावी लागते.

सिनेमातल्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगात नेमकं तेच केलंय. आकाश सिमीच्या, म्हणजे तब्बूच्या पात्राच्या, घरी पियानो वाजवायला येतो. वाजवता वाजवता त्याला जमिनीवर पडलेले पाय दिसतात. तो बाथरूमला जातो, तर तिथे पिस्तूल घेतलेला माणूस उभा. आकाशला तो दिसलाय, पण दिसायला नको आहे. परत येऊन तो पियानोवर बसतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत रक्त पुसलं जातं, प्रेत सुटकेसमध्ये भरलं जातं. बोलायची सोय नाही. जे काही वाटतंय ते बोटांतून जातंय आणि चेहरा कोरा. बडबडीवर पोट भरलेल्या माणसाला इतका वेळ गप्प बसवलं, म्हणून तो प्रसंग चढतो. पडद्यावर हात त्याचेच दिसतात. त्यासाठी त्यानं रोज तासन् तास पियानोचा रियाज केला होता. मुळात गाणारा, गिटार वाजवणारा माणूस, त्यामुळे लयीचं अंग होतंच. ते नसलेल्या नटाला तीन महिन्यांत पियानोवर बसवता येतं, पण मग कॅमेरा खांद्याच्या वरच ठेवावा लागतो.

आंधळ्याचं काम करणारा नट निवडताना मी एक जुनी खोडी करतो. नट समोर बसून संवाद म्हणत असतो आणि मी मध्येच किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाकतो. दहातल्या आठांची बुबुळं त्या दिशेला जातात. ते तिथेच गळले असं त्यांना वाटतं. उरलेले दोघे दगडासारखे समोर बघत राहतात आणि मनातल्या मनात खूश होतात. खरं तर तेही गळलेले असतात. ज्याला दिसत नाही त्याला ऐकू तर येतं ना! तो कान वळवेल, मान थोडी तिरकी करेल, वाक्य अर्धवट सोडेल, फक्त नजर आवाजाला जाऊन चिकटणार नाही. आकाशचं काम याहून एक पायरी वर आहे. तो आंधळा नाही, आंधळ्याचं सोंग घेतलेला आहे. म्हणजे सोंग इतकं चोख हवं की सिमी फसेल, आणि इतकं कच्चंही हवं की आपल्याला आतला घाम दिसेल. सिमीनं दिलेल्या विषारी प्रसादानंतर त्याची दृष्टी खरंच जाते, तेव्हा त्याच नटाला तिसऱ्याच प्रकारे वागावं लागतं: नुकता आंधळा झालेला माणूस चाचपडतो, आधी सोंग करणारा तोच माणूस सराईतपणे चालायचा. हा फरक बघण्यासाठी तरी सिनेमा तिसऱ्यांदा बघा. या भूमिकेबद्दल कळल्यावर आयुष्माननं आपणहून राघवन यांच्याकडे इच्छा व्यक्त केली होती. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘उरी’तल्या विकी कौशलबरोबर विभागून.

तब्बूची गोष्ट वेगळी. हैदराबादची मुलगी, शबाना आझमी यांची भाची, मोठी बहीण फराह आधीच नायिका. 1985 च्या ‘हम नौजवान’मध्ये तिनं देव आनंद यांच्या मुलीचं काम केलं. नायिका म्हणून पहिलं मोठं काम तेलुगूत, 1991 मध्ये व्यंकटेशबरोबर ‘कुली नंबर वन’. हिंदीत 1994 चा ‘विजयपथ’ चालला. मग 1996 साल बघा. त्याच वर्षात गुलजारांचा ‘माचिस’, ज्याच्यासाठी तिला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षात डेव्हिड धवन यांचा ‘साजन चले ससुराल’. एका वर्षात असे दोन टोकांचे सिनेमे करणारी नटी पुढे काय करेल याचा अंदाज तेव्हाच यायला हवा होता. 2000 मध्ये महेश मांजरेकरांचा ‘अस्तित्व’, मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत. ती आदिती आपल्या लोकांना अजून आठवते. 2001 चा ‘चांदनी बार’, दुसरा राष्ट्रीय पुरस्कार. त्यानंतर विशाल भारद्वाज यांचे ‘मकबूल’ आणि ‘हैदर’, 2015 मध्ये हिंदी ‘दृश्यम’मधली पोलीस अधिकारी मीरा देशमुख.

तिच्या कामाची गंमत अशी की ती काहीतरी लपवतेय असं नेहमी वाटतं, आणि जे लपवतेय ते दुःख आहे की कट, हे कळत नाही. ‘अस्तित्व’मध्ये ते दुःख होतं. ‘मकबूल’मध्ये कट होता, आणि शेवटी दुःखही. म्हणून सिमी पहिल्यांदा दिसते तेव्हा आपण दोन्ही दारं उघडी ठेवून बसतो. मला या निवडीत आणखी एक वात्रटपणा दिसतो. सिमी ही फारशी न चमकलेली नटी आहे, उतारवयाच्या नटाशी लग्न केलेली. तिला नवऱ्याच्या मृत्यूनंतर पोलिसांसमोर, शेजाऱ्यांसमोर शोक करायचाय. म्हणजे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या बाईला एका मध्यम वकुबाच्या नटीचा मध्यम अभिनय करून दाखवायचाय. हे फार अवघड असतं. चांगल्या गायकाला किंचित बेसूर गायला सांगा, एक तर तो सुरातच जातो नाहीतर नाटकी भेसूर होतो. तब्बूनं रडताना श्वासात एक छोटीशी घाई ठेवलीय, जणू हे लवकर उरकलं तर बरं. तेवढं पुरतं.

नवरा प्रमोद सिन्हा, म्हणजे अनिल धवन. माझ्या मते या चित्रपटातली सर्वांत हुशार निवड हीच आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. धवन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून अभिनय शिकून बाहेर पडलेले. 1970 च्या ‘चेतना’मध्ये ते नायक, समोर त्याच संस्थेतून आलेल्या रेहाना सुलतान. त्या सिनेमानं त्या काळात बरीच खळबळ केली होती. 1972 च्या ‘पिया का घर’मध्ये जया भादुरींचे नायक. मुंबईतल्या एका खोलीत एकत्र कुटुंबात अडकलेलं नवपरिणीत जोडपं, ते आठवत असेल. ‘हवस’मधलं ‘तेरी गलियों में ना रखेंगे कदम’ हे रफींचं गाणं त्यांच्यावर चित्रित झालं. मग काळ बदलला, रागीट नायक आले, आणि धवन हळूहळू छोट्या भूमिकांत आणि पुढे टीव्हीवर गेले.

राघवन यांनी काय केलं? प्रमोद सिन्हा हा सत्तरच्या दशकातला विसरला गेलेला नायक आहे, आणि तो घरी बसून स्वतःची जुनी गाणी बघतो. ती गाणी धवन यांची खरी गाणी आहेत. कला विभागाला खोटी पोस्टरं रंगवावी लागली नाहीत, खोटं गाणं चित्रित करावं लागलं नाही. कारकीर्द हीच प्रॉपर्टी, म्हणजे दृश्यात मांडायचं सामान. एखाद्या तरण्या नटाला दाढी-मिशी लावून, केसाला पावडर फासून हे पात्र उभं केलं असतं तर त्याचं प्रेत म्हणजे कथेतलं एक वळण एवढंच झालं असतं. इथे मात्र ज्यांनी ‘छायागीत’ बघितलंय त्यांना त्या सुटकेसमध्ये आपल्या लहानपणातलं काहीतरी कोंबलं जातंय असं वाटतं. चित्रपट ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ या दूरदर्शनच्या कार्यक्रमांना अर्पण केलेला आहे, हे उगाच नाही. जाता जाता, अनिल धवन हे डेव्हिड धवन यांचे थोरले बंधू. म्हणजे ‘साजन चले ससुराल’च्या दिग्दर्शकाच्या भावाला संपवण्यात त्याच सिनेमातल्या नायिकेच्या पात्राचा हात होता. राघवन यांच्या आधीच्या ‘बदलापूर’चा नायक वरुण धवन हा अनिल यांचा पुतण्या. हिंदी सिनेमात असे धागे कुठेही ओढले तरी निघतात, त्यांना अर्थ चिकटवायचा नसतो, पण मजा येते.

राधिका आपटे पुण्याची. फर्ग्युसनमध्ये शिकलेली, रोहिणी भाटे यांच्याकडे आठ वर्षं कथक केलेली. नाटकात ती ‘आसक्त’ या नाट्यसंस्थेबरोबर, मोहित टाकळकरच्या दिग्दर्शनात तयार झाली. ‘तू’, ‘पूर्णविराम’, ‘मात्र रात्र’ ही नाटकं. पुण्यातल्या प्रायोगिक मंडळींना ती सिनेमातली राधिका होण्याच्या खूप आधीपासून माहीत होती. मग लंडनला ट्रिनिटी लाबानमध्ये वर्षभर समकालीन नृत्य. 2009 मध्ये सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘घो मला असला हवा’ आणि त्याच वर्षी बंगाली ‘अंतहीन’. पुढे ‘लय भारी’, ‘मांझी’, ‘फोबिया’, रजनीकांतबरोबर ‘कबाली’. राघवन यांच्याकडे ‘बदलापूर’मध्ये तिचं छोटं पण कमालीचं अवघड काम होतं, त्यामुळे इथे दिग्दर्शकाला ती कच्ची किती, पक्की किती, हे आधीच ठाऊक होतं.

सोफी ही भूमिका वाचताना सोपी वाटते. ती खोटं बोलत नाही, कोणाला मारत नाही. स्कूटरवरून येते, आकाशला धडक देते, त्याच्या प्रेमात पडते, फसते, चिडते, निघून जाते. कास्टिंगच्या टेबलावर असली पात्रं सर्वांत जास्त छळतात. ज्या जगात प्रत्येकजण काही ना काही लपवतोय तिथे सरळ माणूस बावळट दिसायला लागतो. त्याला वजन आणायचं तर ऐकता येणारा नट लागतो. समोरचा बोलत असताना खरोखर ऐकणारा. ही सवय प्रायोगिक नाटकात लागते, कारण तिथे पन्नास माणसं चार हातांवर बसलेली असतात आणि तुम्ही ऐकत नसाल तर त्यांना लगेच कळतं. व्यावसायिक रंगभूमीवरून येणाऱ्यांना टाळीची वाट बघायची खोड असते. वाक्य फेकून अर्धा क्षण थांबतात. कॅमेऱ्यासमोर तो अर्धा क्षण खड्ड्यासारखा दिसतो. मी स्वतः एकांकिका स्पर्धांतून आलेला असल्यामुळे हे रोग मला अंगावरून ओळखू येतात, त्यातले दोन-चार मलाही होते.

बाकीच्यांबद्दल भरभर सांगतो. पोलीस मनोहर झालेला मानव विज पंजाबी चित्रपट आणि हिंदी मालिका करत आलेला. धिप्पाड देह, वर्दी शोभते, आणि बायकोसमोर त्याचं मांजर होतं, यातच निम्मं काम झालं. बायको रसिका म्हणजे आपली अश्विनी काळसेकर. मालिकांमध्ये तिनं काय काय नाही केलं! ‘सीआयडी’मध्ये इन्स्पेक्टर होती, ‘कसम से’मध्ये खलनायिका. राघवन यांच्या ‘जॉनी गद्दार’मध्येही होती. डॉक्टर स्वामी झालेले झाकीर हुसेन राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे, तेही ‘जॉनी गद्दार’मधले. नाटक कंपनीत असायची तशी राघवन यांची एक फिरती मंडळी आहे. त्याचा फायदा उघड आहे. ज्याच्याबरोबर आधी काम केलंय त्याच्याकडून सेटवर सकाळी काय मिळेल आणि रात्री अकरा वाजता काय मिळेल, हे माहीत असतं.

आता तिसरा प्रश्न, ओळखीचा चेहरा आणि आधीच फुटलेलं रहस्य. हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. मोठं नाव आणि छोटं काम दिसलं की प्रेक्षक बोट दाखवतो: हाच! माझ्याकडून हे घडलंय. एका रहस्यपटात शेजारच्या निरुपद्रवी काकांच्या भूमिकेसाठी मी रंगभूमीवरचे एक दिग्गज सुचवले. तीन प्रसंग, शेवटी उलगडा. त्यांनी काम अप्रतिम केलं. पहिल्या चाचणी खेळाला, मध्यंतराच्याही आधी, माझ्या मागच्या रांगेतल्या आजी नातवाला म्हणाल्या, “एवढा मोठा माणूस नुसतं दूध द्यायला कशाला येईल?” संपलं. आजींनी एका वाक्यात माझं बजेट वाया घालवलं. दिग्दर्शकानं मला काही ऐकवलं नाही, पण पुढच्या सिनेमालाही बोलावलं नाही.

यावर उपाय असा की ओळख ठेवायची, फक्त ती उलट्या बाजूनं लावायची. हिचकॉकच्या 1960 च्या ‘सायको’मध्ये अँथनी पर्किन्स होता. त्याआधी तो लाजाळू, देखणा, सज्जन तरुण म्हणून लोकांना माहीत. ‘फ्रेंडली पर्सुएशन’मध्ये शांततावादी क्वेकर पंथाच्या कुटुंबातला मुलगा झाला होता, ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. शिवाय जी मोठी तारका म्हणून लोक तिकीट काढून आले त्या जॅनेट लीला चित्रपट अर्धाही होण्याआधी मारून टाकलं. मल्याळम ‘दृश्यम’मध्ये 2013 साली जीतू जोसेफ यांनी केलेली निवड मला त्याहून आवडते. त्यात लाचखोर, मारकुटा कॉन्स्टेबल सहदेवन आहे. ते काम कलाभवन शाजोनला दिलं. नावातलं कलाभवन म्हणजे कोचीची प्रसिद्ध संस्था, जिथून मिमिक्री करणाऱ्यांच्या पिढ्या निघाल्या. शाजोनही तिथला, लोकांना हसवणारा नट. तो वर्दीत दिसल्यावर प्रेक्षक हसायच्या तयारीत बसतो, आणि मग तो लहान मुलीवर हात उचलतो. सराईत खलनायकाचा हात उठला असता तर आपण आधीच अंग चोरून घेतलं असतं. हिंदीत तीच भूमिका कमलेश सावंत यांनी केली, दिग्दर्शक आपले निशिकांत कामत. तिथे हसू नव्हतं, पहिल्यापासून चीडच होती. तेही चाललं, पण धक्क्याची जात वेगळी.

अनोळखी चेहरा आणणं हा दुसरा मार्ग, पण अनोळखी कोणाला? 2012 च्या ‘कहानी’त बॉब बिस्वास नावाचा विमा एजंट येतो, हसून नमस्कार करतो आणि गोळी घालतो. हिंदी प्रेक्षकाला शाश्वत चटर्जी हा कोण कुठला माणूस होता, त्यामुळे तो फोटोतल्या कारकुनासारखा बिनचेहऱ्याचा वाटला. बंगाली माणसाच्या डोक्यात मात्र तो संदीप राय यांच्या फेलूदामधला तोपशे होता, गुप्तहेराचा गुणी मदतनीस. एकच निवड, पण दोन प्रेक्षकांना दोन वेगळ्या कारणांनी बसलेला धक्का. असली दुहेरी फोड नेहमी ठरवून होत नाही, कधी कधी झाल्यावर आम्ही म्हणतो की ठरवलं होतं.

मराठी प्रेक्षकासाठी अशीच एक फोड ‘अंधाधुन’मध्येही आहे, आणि मला तुमच्या प्रश्नातल्या चार नावांपेक्षा हे पाचवं नाव महत्त्वाचं वाटतं. छाया कदम. कबड्डी खेळलेली मुलगी, वामन केंद्रे यांच्याकडे नाटकाचे धडे घेतलेली. ‘फँड्री’मध्ये जब्याची आई. आणि 2016 मध्ये ‘सैराट’. आर्ची-परशा पळून हैदराबादला पोचतात, पैसे नाहीत, ओळख नाही, रात्री नको तो प्रसंग ओढवतो. तेव्हा त्यांना सोडवून आपल्या वस्तीत नेणारी, खोली आणि काम मिळवून देणारी सुमनअक्का, त्याच छाया कदम. अख्ख्या महाराष्ट्रानं त्या बाईला मनातून हात जोडले होते. दोन वर्षांनी ‘अंधाधुन’मध्ये रस्त्यावर आपटलेल्या, डोळे गेलेल्या आकाशला उचलून नेणारी लॉटरीची तिकिटं विकणारी सखू येते. सोबत रिक्षावाला मुरली. पुण्याच्या थिएटरात मी हे पाहिलं तेव्हा ती दिसताच माझ्या शेजारचा माणूस खुर्चीत मागे रेलला, सुटला बिचारा अशा थाटात. आणि पुढच्याच प्रसंगात कळतं की आकाशला किडनी काढून घेणाऱ्या डॉक्टरकडे आणलंय. तो माणूस मराठीत जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

दिल्लीच्या प्रेक्षकाला हा धक्का असा बसलाच नसेल, त्याला ती फक्त एक गरीब बाई दिसली असेल. आणि आता तर कुणालाच बसणार नाही. 2024 मध्ये ‘लापता लेडीज’मधली मंजूमाई आणि कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळवलेला ‘ऑल वुई इमॅजिन अॅज लाइट’ अशी दोन्ही कामं आल्यावर छाया कदम हे नाव देशभर पोचलं. आज कोणी मला सखूसाठी नाव विचारलं तर मी त्यांचं सुचवणार नाही. त्या रिक्षातून उतरल्या की मागच्या रांगेतल्या आजी लगेच सावरून बसतील.